पान त्र्याहत्तरची टिकटिक

१

काटेताईने बटण दाबलं आणि खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. टेप फिरू लागली. आधी सूंऽऽ असा बारीक आवाज आला. त्यानंतर यायला हवा होता मालक आजोबांचा आवाज. तो काही आला नाही.

"सुरुवातीला थोडी जागा कोरी सोडतो आम्ही," ती म्हणाली.

दहा सेकंद गेले, वीस गेले. तिने टेप पुढे पळवून पुन्हा दाबलं. सूंऽऽ. उलटी बाजू लावली, तरी सूंऽऽ. काल दुपारी साडेतीनला याच टेपवर तिने स्वतःच्या कानांनी आजोबांचा खोकला ऐकला होता.

या इमारतीच्या वरच्या मजल्यावर अंधांसाठी पुस्तकं वाचून टेप केली जात. खोल्या मालक आजोबांच्या. त्यांना म्हातारपणी दिसेनासं झालं आणि भाडेकरूच्याच टेपांवर त्यांनी शेवटची अकरा वर्षं काढली. हात इतके कापत की सहीसुद्धा येईना. म्हणून सोमवारी ते जिना चढून आले आणि खोल्या कुणाकडे राहाव्यात ते टेपवर सांगून गेले. बुधवारी वारले. वारस एकच, पुतण्या. त्याने गुरुवारी, शेजारच्या शहरात, संस्थेच्या समितीच्या वकिलासमोर लिहून दिलं होतं की काकांच्या तोंडचं एक वाक्य ऐकवा, मी आडवा येणार नाही. केवढा उदार माणूस, असं सगळे म्हणाले.

"पाकिटाचं सील तर शाबूत होतं," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या निवृत्त डॉक्टर. बोलणं मोजून मापून.

"शाबूत होतं," व्यवस्थापक म्हणाले. "गुरुवारी साडेपाचला मी आणि काटेताईंनी सह्या करून लावलं. म्हणजे आत गेली तीच कोरी गेली. काटेताई, तुम्ही रोज टेपा पुसता. चुकून हीदेखील धरली असेल पुसणीवर. माणूस आहे, चुकतो."

इतक्या मायेने बोलले की काटेताईला रडूच आलं. त्याहून वाईट म्हणजे, तिला ते खरं वाटलं. आवाज मोजणाऱ्या मीटरच्या काट्यावरून जिची नजर हलत नाही म्हणून जिला काटेताई नाव पडलं, तिलाच आठवेना की गुरुवारी आपण पुसणीवर नेमकं काय काय धरलं.

"टेपांच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या अकराला निर्णय घेऊ. तुमचाही आणि खोल्यांचाही."

२

पलीकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत आक्का बसत. आक्का जन्मापासून आंधळ्या. तयार झालेली प्रत्येक टेप आधी त्यांच्या कानाखालून जाई. कुठे पान उलटल्याचा आवाज, कुठे वाचणाऱ्याने गिळलेला आवंढा, सगळं त्यांना सापडे. घरी भाजीवाल्याच्या तराजूचा आवाज ऐकून त्या वजन सांगत, असं मामा शिपाई म्हणे. मामाचं निम्मं खरं धरायचं.

"रडून झालं की सांग," आक्का म्हणाल्या.

"मीच पुसली असेन आक्का. हात आपोआप चालतो. आठवतच नाही."

"टेपेच्या मागची खुंटी मोडली होतीस?"

"सोमवारीच मोडली. त्यामुळे वरून काही भरता येत नाही. पण पुसणीला काय, तिला खुंटीचं कौतुक नाही."

पुसणी म्हणजे विटेएवढं विजेचं चुंबक. टेप त्यावर धरून फिरवली की दहा सेकंदांत कोरी. चालू केलं की मधमाश्यांचं पोळं उठावं तसं गुणगुणायचं.

"सोमवारी तू सगळं एका दमात घेतलंस?"

"कुठलं! पहिल्यांदा आजोबांचं सांगून होत आलं, आणि मागे बसलेल्या पुतण्याच्या खिशातला मोबाइल वाजायच्या बेतात आला. त्याच्याआधी माझ्या माइकच्या तारेत मोबाइलचा तो आवाज... टिक्-टिटिक्, टिक्-टिटिक्, धर्रर्र. आजोबांच्या बोलण्यावरच आला. गेलं सगळं. मी त्याला मोबाइल घेऊन बाहेर बसवलं, नवी टेप लावली, दुसऱ्यांदा घेतलं."

"तो पुतण्या काय म्हणतो, काका काय बोलले?"

"म्हणतो, काका पुटपुटत होते, कळलं नाही."

आक्का हसल्या. "ज्यांचा आवाज मला भिंतीपलीकडून कळायचा ते पुटपुटत होते! बरं. साडेतीनला टेप ऐकलीस. मग?"

"टेपांच्या खोलीत टेबलावर ठेवली. साडेपाचला व्यवस्थापक साहेब आले तेव्हा सील केली. मधे मी मशीनजवळून फारशी हलले नाही, मास्तरांचं वाचन टेप करत होते."

"म्हणजे दोन तास. आणि किल्ल्या दोन. एक तुझी. दुसरी?"

"साहेबांची. पण ते नव्हतेच इथे." काटेताई एकदम थांबली. साहेब नाहीत, पुतण्या परगावी, मास्तर काचेआड, मामा दारात. बाकी राहिलं कोण? ती स्वतः.

३

आक्कांनी एकेकाला बोलावून चहा पाजला. पोलिसांसारखं विचारायची त्यांना सवय नव्हती. त्या नुसत्या ऐकत, आणि समोरचा शांतता सहन न होऊन बोलत सुटे.

मास्तर आधी आले. निवृत्त शिक्षक, वाचन उत्तम, स्वभाव तिखट. "मी वाचत होतो. वाचताना मला भूकंप कळत नाही. मधे घंटेने घोटाळा केला तेवढाच."

"कसली घंटा?"

"दारातल्या फोनची! किती वेळा सांगितलं, वाचनाच्या वेळी रिसीव्हर काढून ठेवा. लाल दिवा गेला, मी पाणी प्यायलो. दोनेक मिनिटांनी काटेताई आली, पुन्हा सुरू. आणि आक्का, माझ्या कवळीचा आवाज येतो अशी चुगली करू नका हं समितीकडे."

मग मामा. "साहेबांचाच फोन होता तो, सव्वाचारचा. म्हणाले, प्रेसमध्ये अडकलोय, साडेपाच होतील. मागं मशीन चालू होतं, घूंऽऽ घूंऽऽ. साहेबांना मोठ्यानं बोलावं लागत होतं."

"काटेताई कुठे होती तेव्हा?"

"माझ्याजवळच. घंटा झाली की त्या मशीन बंद करून येतात की, आपला फोन आहे का बघायला. कायमची पद्धत."

शेवटी व्यवस्थापक आले, पण चहा घेतला नाही. "आक्का, तुम्हाला काटेताईंचा कळवळा आहे, मलाही आहे. पण मी त्या वेळी प्रेसमध्ये. विचारा मामाला. माझ्याकडे तर मोबाइलही नाही. नको रे बाबा. सुटलेल्या बैलाने आपणहून गळ्यात घंटा बांधून घ्यायची?"

प्रेसमध्ये ते गुरुवारी गेले होते, हे खरं निघालं. किती वाजता आले आणि गेले, ते मात्र तिथे कुणी बघून ठेवलं नव्हतं.

काटेताई कोपऱ्यात बसून ऐकत होती. एकेक दार बंद होत होतं आणि दर वेळी उघडं राहत होतं ते तिचंच.

"गुरुवारची मास्तरांची टेप लाव," आक्का म्हणाल्या. "घंटेच्या जागेवर आण."

"तिथे काही नाही आक्का. मी मागे घेऊन वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा घेतलं. घंटा खाली पुसली गेली. माझा सांधा तुम्हालासुद्धा सापडत नाही."

"लाव तर खरी."

४

नोंदवहीत लिहिलं होतं, 'पान ७३. बाहेर घंटा. थांबवले. पुन्हा घेतले.' काटेताईने टेप तिथे आणली. मास्तरांचा भारदस्त आवाज एका वाक्याच्या शेवटाला आला. अर्धा श्वास शांतता. मग नवं वाक्य.

"पुन्हा," आक्का म्हणाल्या.

तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी हात वर केला. "वाक्य संपलं आणि नवं सुरू व्हायच्या आत. दोन टिकटिक आहेत."

काटेताईने कानांवर हेडफोन दाबले. होत्या. बारीक, पण होत्या. तिचे कान तापले. एवढी नोकरी झाली, तिच्या हातून असा घाणेरडा सांधा गेला नव्हता. "गुरुवारी काटा हललेला दिसला होता मला. मास्तरांची कवळी वाजली असेल, असं वाटलं."

"कवळी तोंडात असते पोरी. तोंडातल्या आवाजाला खोलीचा घुमारा असतो. हा आवाज खोलीत झालेलाच नाही. हा तारेत झालाय." आक्का पुढे झुकल्या. "सोमवारी काय म्हणालीस? टिक्-टिटिक्, आणि मग धर्रर्र. धर्रर्र तू पुसलंस. सुरुवातीच्या दोन टिकटिक तुझ्या सांध्याच्या अलीकडे राहिल्या."

"मोबाइल!" काटेताईच्या तोंडून निघून गेलं. "पण इथे मोबाइल कुणाकडे आहे? पुतण्याचा तर त्या वेळी त्याच्या खिशात, वकिलाच्या समोर."

"तुझी माइकची तार कुठून जाते?"

"वाचनाच्या खोलीच्या मागच्या भिंतीतून. तिच्या पलीकडे..." पलीकडे टेपांची खोली होती. तिला मागच्या जिन्याने यायला वेगळं दार होतं.

"तुझ्या नव्या सांध्यानंतर पुसणीची गुणगुण ऐकू येते?"

"नाही. कुणी पुसणी चालवली असती तर टेपवर आलीच असती."

"मशीन चालू असतं तर आली असती," आक्का म्हणाल्या. "आणि मशीन बंद कधी होतं?"

काटेताईने आक्कांचा हात घट्ट धरला.

५

त्या रात्री तिला झोप नव्हती. पुन्हा पुन्हा तिने सगळं जुळवून पाहिलं. टेपांच्या खोलीत उभा राहिलेला माणूस खिशातून मोबाइल काढतो आणि त्याच इमारतीच्या दारातला फोन वाजवतो. फोन आला म्हणजे माणूस बाहेर आहे, हे मामाने गृहीतच धरलं. धरणारच. आजवर फोन भिंतीला बांधलेला असायचा आणि माणूस फोनला. घंटा झाली की काटेताई मशीन बंद करून दाराशी जाते, हे आतल्यालाच ठाऊक. मग बोलता बोलता पुसणी चालू करायची. मामाला घूंऽऽ ऐकू आलं, त्याने ते प्रेसचं मशीन मानलं. एका फोनमध्ये दोन कामं.

पण पुरावा काय? दोन टिकटिक. समिती हसेल.

"हसू दे," सकाळी आक्का म्हणाल्या. "तू फक्त कोरी टेप वाजवायला मोठा स्पीकर आण. आणि माइक जोडून चालू ठेव, साहेबांच्या खुर्चीजवळ. बोलणं रेकॉर्ड करतोय म्हण."

"त्यांनी मोबाइल घरी ठेवला असेल तर?"

"लपवलेली वस्तू माणूस घरी ठेवत नाही. अंगावर ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी चाचपतो."

अकराला दहा कमी असताना काटेताई खिडकीतून खाली बघत होती. पुतण्या रस्त्यापलीकडे उभा राहून मूठ कानाला लावून बोलत होता. मूठच दिसत होती, मोबाइल इतका लहान. त्याच वेळी व्यवस्थापक "आलोच" म्हणत उठले आणि मोरीत जाऊन त्यांनी कडी लावली. पुतण्याने मूठ खाली केली आणि मिनिटभरात कडी निघाली.

तिने ते आक्कांच्या कानात सांगितलं. आक्का एवढंच म्हणाल्या, "म्हणजे त्याने शेवटचा फोन कुणाला केला ते कळलं."

६

बैठकीत पुतण्या खुशीत होता. त्याने मोबाइल सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला.

"ऐकलंय फार छान वस्तू आहे," आक्का म्हणाल्या. "आम्हाला दिसत नाही, हातात तर द्याल?"

"घ्या ना आक्का. पाडलात तरी चालेल, काही होत नाही त्याला. एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस बघायला नको. खिशात आहे की नाही तेच कळत नाही, हाच काय तो दोष!"

आक्कांचा अंगठा बटणांवरून फिरला. "मधल्या पाचावर बारीक टेंगूळ आहे. वा, बनवणाऱ्याने आमचा विचार केला म्हणायचा. आणि हे वरचं डावीकडचं?"

"ते हिरवं. फोन लावायचं."

"असं?" आक्कांनी ते दाबलं. "आणि पुन्हा दाबलं तर?"

"अहो नको, पुन्हा दाबलं तर मघाचाच नंबर..."

आक्कांनी दाबलं होतं.

काटेताईची नजर मीटरवर खिळली होती. काटा मेल्यासारखा पडून होता. एक सेकंद, दोन, तीन. चुकलं, तिच्या मनात आलं, सगळं चुकलं, आता आक्काही माझ्याबरोबर जाणार.

काटा हलला.

टिक्-टिटिक्, स्पीकर म्हणाला. टिक्-टिटिक्. धर्रर्रर्र.

कुठलीच घंटा वाजली नाही. फक्त व्यवस्थापकांच्या कोटाच्या आतल्या खिशात काहीतरी थरथरू लागलं आणि लाकडी खुर्चीने तो थरथराट सगळ्यांना ऐकवला. ते हात लावेनात, उठेनात. चेहरा पांढराफटक.

"घ्या की साहेब," मामा दारातून म्हणाला. "प्रेसमधून असेल."

अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. व्यवस्थापकांनी खिशातून काढलेली वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवली. ती मूठ मिटली तर दिसेनाशी झाली असती. आक्कांनी मग पान त्र्याहत्तर, घंटा आणि पुसणी, सगळं ओळीने सांगितलं. व्यवस्थापक मधे एकदाच बोलले. "पुतणे मला म्हणाले होते, इथे नवी इमारत बांधली की तिच्यात कचेरी देतो. कुणाचं काही नुकसान होणार नाही, फक्त टेप खराब झाली असं वाटेल."

"माझं नुकसान म्हणजे कुणाचंच नाही का?" काटेताई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

पुतण्याने आपला मोबाइल उचलून खिशात टाकला. "झालं ते वाईट झालं. यांना काढा, काय करायचं ते करा. पण मी लिहून दिलंय ते काकांच्या तोंडच्या वाक्याबद्दल. ते वाक्य आहे तुमच्याकडे? टेप तर अजूनही कोरीच आहे."

काटेताईवरचा आळ गेला होता, पण खोल्याही गेल्याच होत्या.

७

"काटे," आक्का हळूच म्हणाल्या, "सोमवारची पहिली टेप कुठे आहे?"

"कुठली पहिली?"

"जिच्यावर यांच्या खिशातलं वाजलं ती."

"ती? ती खराब आहे आक्का."

"खराब आहे, की नाहीच?"

काटेताईने तोंडावर हात ठेवला. खराब टेपेवर पेन्सिलीने 'ख' लिहायचं आणि टेपांच्या खोलीतल्या खोक्यात टाकायची, शुक्रवारी दुपारी खोका पुसायचा. एवढी वर्षं हेच. तिच्या लेखी 'ख' लिहिलेली टेप ही टेपच नव्हती. ती आठवायची असते हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. व्यवस्थापकांच्याही आलं नसावं, तेही याच घरात मुरलेले. आणि या शुक्रवारी खोका पुसायला तिच्याकडे किल्लीच नव्हती.

अध्यक्षबाईंनी किल्ली काढून दिली. खोक्यात सात टेपा होत्या. चार लावून काढल्या आणि पाचवी मशीनमध्ये घातली.

आधी खोकला. मग तो आवाज आला, जिना चढून दमलेला, पण स्वच्छ.

"...तर माझं म्हणणं एवढंच, की इथे ऐकायला एक जरी माणूस येत असला, तरी या खोल्या पुस्तकांच्याच राहतील. माझ्या पुतण्यानेही..." टिक्-टिटिक्. टिक्-टिटिक्. "...त्यात हात घालू नये..." धर्रर्रर्र. "...हे मी शुद्धीत सांगतोय. अरे, कुणाचं रे ते वाजतंय?"

"माझा, काका," टेपेतला पुतण्या म्हणाला. "सॉरी."

खोलीतल्या पुतण्याने टेबलावरच्या आपल्या सहीच्या कागदाकडे पाहिलं आणि खाली बसला.

टेप अजून फिरत होती. त्यातून काटेताईचाच काळजीचा आवाज आला. "आजोबा, खराब झालं हो सगळं. पुन्हा घ्यावं लागेल. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" आजोबा म्हणाले. "कितीदाही विचार बाई, मी हेच सांगणार."